कोर्स एका खिडकीवर, परीक्षा दुसऱ्या, क्रेडिट तिसऱ्या: कॉलेजात ऑनलाइन कोर्स करणाऱ्यांसाठी

मी इंदूरच्या एका कॉलेजात शिकवते. काही वर्षं अतिथी विद्वान, म्हणजे गेस्ट लेक्चरर, म्हणून काढली. त्या काळात स्वतः एनपीटेल नावाच्या ऑनलाइन उपक्रमाचे पाच कोर्स केले आणि त्यातल्या पहिल्यात नापास झाले. आता दर सत्रात चाळीसएक पोरं माझ्याकडे येतात. 'मॅम, कोर्स पूर्ण केला, पण मार्कशीटवर आलाच नाही' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी बसून सगळं लिहूनच काढलं.

एक गोष्ट आधीच सांगते. हे कोर्स अभ्यासामुळे फारसे बुडत नाहीत, सांध्यांमध्ये बुडतात. कोर्स एका खिडकीवर मिळतो, परीक्षेचा फॉर्म दुसऱ्या खिडकीवर भरायचा असतो आणि क्रेडिट, म्हणजे पदवीच्या हिशेबात धरलं जाणारं कोर्सचं माप, तिसऱ्या खिडकीवर जमा होतं. या तिन्ही खिडक्या एकमेकींशी बोलतात असं आपण गृहीत धरतो. त्या बोलत नाहीत. एकीकडचा कागद दुसरीकडे नेण्याचं काम तुमचं.

थोडी ओळख करून देते. 'स्वयं' हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ, ९ जुलै २०१७ ला सुरू झालं. त्यावर कोर्स देणाऱ्या बऱ्याच राष्ट्रीय समन्वयक संस्था आहेत. इंजिनीअरिंग आणि विज्ञानाचे बरेचसे कोर्स एनपीटेलचे. एनपीटेल हा सात आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीने २००३ मध्ये सुरू केलेला उपक्रम, म्हणजे स्वयंपेक्षा पुष्कळ जुना. बीए, बीकॉम, बीएससीच्या पदवी स्तरावरचे कोर्स सीईसीकडून (कन्सोर्टियम फॉर एज्युकेशनल कम्युनिकेशन) येतात. शिवाय इग्नू, एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद), आयआयएम बंगलोर वगैरे आहेत. कोर्स कुठल्या समन्वयकाचा आहे हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. पुढे परीक्षेच्या वेळी ते लागणार आहे.

१. आधी नाव तपासा

सगळ्यात कंटाळवाणी पायरी म्हणून लोक ही शेवटी करतात आणि तिथेच अडकतात.

आपल्या मराठी घरांत हा घोळ जरा जास्तच. आधार कार्डावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिन्ही. एमपी बोर्डाच्या दहावीच्या मार्कशीटवर नुसतं नाव आणि आडनाव. एखाद्या काकांनी पुण्याहून फॉर्म भरून दिला असेल तर आडनाव आधी. समग्र आयडीत, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या ओळख क्रमांकात, हिंदी उच्चाराप्रमाणे स्पेलिंग. माणूस एकच, नावं चार. माझं तर विचारूच नका: पदव्या माहेरच्या आडनावाने, आधार सासरच्या. पहिलं सर्टिफिकेट ज्या नावाने आलं ते माझ्या सर्व्हिस रेकॉर्डशी जुळत नव्हतं, आणि छापून आल्यावर ते बदलून मिळत नाही.

म्हणून दहावीची मार्कशीट, आधार आणि कॉलेजचं ओळखपत्र शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहा. फरक असेल तर कोर्स सुरू होण्याआधी आधार दुरुस्त करायला टाका. मधल्या काळात करू म्हणाल तर होत नाही. आधार केंद्रावरची रांग आणि तुमची असाइनमेंट नेमकी एकाच आठवड्यात येते.

त्यानंतर अपार आयडी. डिजिलॉकरमध्ये एबीसीचं, म्हणजे अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, खातं उघडलं की बारा आकडी क्रमांक मिळतो, तोच हा अपार आयडी. ही क्रेडिटची बँक जुलै २०२१ मध्ये सुरू झाली. तुम्ही कुठेही मिळवलेलं क्रेडिट तिथे जमा होतं आणि पदवीसाठी वापरता येतं. या खात्यात नाव आधारवरून येतं, तुम्हाला आवडेल तसं टाकता येत नाही. म्हणूनच आधार आधी.

जवळ ठेवायच्या गोष्टी:

- आधार कार्ड, मोबाइल नंबर जोडलेला (ओटीपी त्याच नंबरवर येतो, बाबांच्या जुन्या नंबरवर गेला की झाली पंचाईत)
- दहावीची मार्कशीट
- कॉलेजचं ओळखपत्र आणि नामांकन क्रमांक (एनरोलमेंट नंबर)
- अपार आयडी
- पासपोर्ट साइझ फोटो आणि सही, दोन्ही स्कॅन केलेले
- फीमध्ये सवलत हवी असेल तर जातीचं किंवा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र
- स्वतःचा ईमेल. कॉलेजने दिलेला नको, तो पास झाल्यावर बंद होतो आणि सर्टिफिकेट त्यातच राहतं

२. कॉलेजला विचारा, लेखी

यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठ एका सत्रातल्या एकूण कोर्सपैकी ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयंवरून घेऊ देऊ शकतं. २०१६ च्या जुन्या नियमांत ही मर्यादा २० टक्के होती. पोरं '४० टक्के' वाचतात आणि पुढचं 'पर्यंत' सोडून देतात. ती वरची मर्यादा आहे. तुमच्या विषयात, तुमच्या सत्रात, कुठल्या पेपरच्या जागी कुठला कोर्स चालेल हे तुमचं विद्यापीठ ठरवतं.

इंदुरात तर तीन तऱ्हा आहेत. इंजिनीअरिंगची बहुतेक कॉलेजं भोपाळच्या आरजीपीव्हीशी (राजीव गांधी प्रौद्योगिकी विद्यापीठ) जोडलेली, बीए-बीएससी-बीकॉमची देवी अहिल्या विद्यापीठाशी, आणि काही कॉलेजं स्वायत्त. त्यामुळे शेजारच्या दादाचं क्रेडिट लागलं म्हणून तुमचं लागेल असं नाही. मध्य प्रदेशात पदवीला नवं शैक्षणिक धोरण २०२१-२२ पासून लागू झालंय, त्याआधीच्या सीनियरचा सल्ला तर अजिबात उपयोगाचा नाही.

साधा अर्ज करा: कोर्सचं पूर्ण नाव, कोड, समन्वयक संस्था, किती आठवडे, किती क्रेडिट, आणि कुठल्या पेपरच्या बदल्यात हवा. विभागप्रमुखांची सही घ्या. ऑफिसातल्या बाबूकडे देताना दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का मारून घ्या. बाबू म्हणेल, 'अहो, लागत नाही त्याला.' तरी घ्या. सहा महिन्यांनी त्या खुर्चीवर दुसरा माणूस असतो.

कोड लिहिताना काळजी घ्या. एनपीटेलचा तोच कोर्स पुढच्या सत्रात नव्या कोडने येतो. जुन्या कोडवर परवानगी घेतली आणि नवा कोर्स केला, तर कागदोपत्री ते दोन वेगळे कोर्स ठरतात.

क्रेडिट नको, नुसतं शिकायचंय? मग ही अख्खी पायरी सोडा.

३. कोर्स निवडणं

कोर्स वर्षातून दोनदा सुरू होतात, जानेवारीत आणि जुलैत. एनपीटेलचे कोर्स चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे असतात. त्यांचे क्रेडिट साधारणपणे एक, दोन आणि तीन. बारा आठवड्यांत मिळून तीस तासांच्या आसपास व्हिडिओ असतात. म्हणजे आठवड्याला अडीच तास पाहण्याचे, आणि खरं शिकायचं तर तेवढेच वहीपाशी. एका सत्रात एक कोर्स पुरे. दोन घेणारे क्वचित पार पडतात. तीन घेणारा मी अजून पाहिला नाही, तीन 'जॉइन' करणारे भरपूर पाहिलेत.

निवडण्याआधी हे करा: मागच्या वेळचे व्हिडिओ बहुधा यूट्यूबवर असतातच, त्यातलं सहाव्या किंवा सातव्या आठवड्याचं एक व्याख्यान लावा. पहिलं व्याख्यान सगळ्यांचंच गोड असतं. सातव्या आठवड्यात सर जे बोलतायत त्याची निदान भाषा कळतेय का, ते पाहा. इंग्रजीमुळे अडत असेल तर व्याख्यानांच्या लिखित प्रती पाहा. पुष्कळ कोर्सच्या प्रती हिंदी आणि इतर भारतीय भाषांतही मिळतात. आपली पोरं घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि पेपरात इंग्रजी अशी तीन भाषांत जगतात, त्यांना या प्रतींचा बराच आधार होतो. पण परीक्षा इंग्रजीत असेल तर पारिभाषिक शब्द इंग्रजीतच पाठ करा.

मोबाइलवर कोडिंगचा कोर्स घेऊ नका. घेतात. पाचव्या आठवड्यात सोडतात.

४. नोंदणी, आणि तो एक रकाना

स्वयंवर खातं उघडून कोर्सला 'जॉइन' व्हायला पैसे लागत नाहीत. प्रोफाइल भरताना नाव दहावीच्या मार्कशीटप्रमाणे.

त्यात एक रकाना असतो, कॉलेजचा. तुमचं कॉलेज एनपीटेलचं लोकल चॅप्टर, म्हणजे एनपीटेलशी जोडलेलं कॉलेज, असेल तर यादीत त्याचं नाव असतं, ते यादीतूनच निवडा. हाताने टाइप करू नका. आमच्याकडच्या एका पोराने कॉलेजचं नाव लाडाने लघुरूपात लिहिलं. दोन महिने तो माझ्या यादीत दिसलाच नाही. मला वाटलं त्याने कोर्स सोडला, त्याला वाटलं मॅमचं लक्ष नाही. कॉलेजातल्या समन्वयकाला आणि तुम्ही निवडलेल्या मेंटॉरला तुमची प्रगती दिसते, ती या रकान्यामुळे. तुम्ही कुठल्या असाइनमेंटला अडकलात हे कुणाला तरी दिसणं तुमच्याच फायद्याचं आहे.

५. बुधवार

एनपीटेलचा कोर्स म्हणजे बुधवार. आठवड्याची असाइनमेंट बहुतेक कोर्समध्ये बुधवारी रात्री ११:५९ ला बंद होते.

इथे गणित समजून घ्या, कारण निम्मी पोरं इथे चुकतात. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये बारापैकी सर्वांत चांगल्या आठ असाइनमेंट धरतात. आठ आठवड्यांच्या कोर्समध्ये आठपैकी सहा, चार आठवड्यांच्या कोर्समध्ये चारपैकी तीन. त्यांच्या सरासरीचे २५ गुण. परीक्षेचे ७५. सर्टिफिकेटसाठी २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० लागतात, दोन्ही वेगवेगळे. बेरीज चाळीसच्या वर गेली म्हणून भागत नाही.

मी नापास झाले ती अशी: असाइनमेंटचे २४, परीक्षेचे २८. बेरीज ५२. सर्टिफिकेट नाही. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, 'बावन्न म्हणजे सेकंड क्लास की गं!' त्यांना समजावताना मलाच नियम नीट समजला.

तर, बारापैकी चार असाइनमेंट तुम्हाला सोडता येतात. त्या चार म्हणजे पगारी रजा समजा आणि कुठे वापरायच्या ते आधी ठरवा. जुलैच्या सत्रात गणपती येतात, आणि अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात. त्या रात्री इंदुरात कोणी लॅपटॉप उघडत नाही, उघडूही नये. जानेवारीच्या सत्रात रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, आहे. राजवाड्यावरून भिजून आलेला माणूस मॅट्रिक्सचा डिटरमिनंट काढत नाही. एक रजा सणाला, एक कॉलेजच्या परीक्षेला, एक तापाला, एक शिलकीत. पहिल्याच महिन्यात 'चार सोडल्या तरी चालतं' म्हणून चारही उडवल्या की पुढचा प्रत्येक बुधवार मानेवर बसतो.

दुसरं म्हणजे बुधवार हा मंगळवार समजा. जानेवारीतली गोष्ट. माझा एक विद्यार्थी मित्रांबरोबर सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, होता. रात्रीचे साडेअकरा, एका हातात गराडूची (तळलेल्या कंदाची) प्लेट, दुसऱ्या हातात मोबाइल, दहापैकी सात उत्तरं भरलेली. गर्दीत नेटवर्क गेलं. तो धावत बोहरा बाजारापर्यंत गेला, रेंज आली तेव्हा बारा वाजून दोन मिनिटं झाली होती. दुसऱ्या दिवशी मला म्हणतो, 'मॅम, गराडू पण गार झाले.' एकदा भरलेलं उत्तर मुदतीच्या आत बदलून पुन्हा सबमिट करता येतं. म्हणून रविवारी जमेल तेवढं भरून सबमिट करून टाका, मंगळवारी सुधारा. लाइट जाणार, नेट जाणार, पाहुणे येणार, हे सगळं बुधवारीच होतं.

आता कॉपीविषयी. प्रत्येक कोर्सच्या असाइनमेंटची 'उत्तरं' टेलिग्राम आणि यूट्यूबवर गुरुवारपासून फिरतात. त्यातली बरीच चुकीची असतात, पण मुद्दा तो नाही. माझे २४ कसे आले असतील असं वाटतं तुम्हाला? अंतिम परीक्षा केंद्रावर बसून द्यायची असते, आणि तिथे टेलिग्राम नसतं. असाइनमेंटला २५ पैकी १५ आले तरी चालतील, पण ते स्वतःचे असू द्या.

६. परीक्षेचा फॉर्म वेगळा

हे मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते. कोर्स 'जॉइन' केला म्हणजे परीक्षेला नाव नोंदलं गेलं असं नाही. परीक्षेचा फॉर्म कोर्स सुरू असताना मधेच उघडतो, काही आठवड्यांनी बंद होतो, आणि त्याची सूचना ईमेलवर येते. तो ईमेल 'प्रमोशन्स'मध्ये जाऊन पडतो.

समन्वयक लिहून ठेवा म्हटलं होतं ना? ते यासाठी. एनपीटेलच्या कोर्सचा परीक्षेचा फॉर्म एनपीटेलकडे भरायचा. सीईसी, इग्नू वगैरेंच्या कोर्सची परीक्षा एनटीए (राष्ट्रीय परीक्षा संस्था) घेते, तिचा फॉर्म आणि तारखा वेगळ्या. बीकॉमच्या पोराने इंजिनीअरिंगच्या मित्राला विचारायचं, त्याने आपली तारीख सांगायची आणि याची मुदत जायची, हे दर वर्षी होतं. गुणांची वाटणीही वेगळी: सीईसीच्या कोर्समध्ये अंतर्गत ३० आणि अंतिम परीक्षा ७०.

एनपीटेलची फी बरीच वर्षं कोर्समागे १००० रुपये होती आणि अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांना निम्मी. भरण्याआधी त्या सत्राचा आकडा पाहून घ्या. फी परत मिळत नाही. म्हणून चार आठवडे कोर्स करून पाहा, झेपतोय असं वाटलं तर भरा, पण शेवटच्या तारखेपर्यंत थांबू नका. इंदूर केंद्र मागणारे पुष्कळ असतात आणि जागा भरत जातात.

या फॉर्मवर टाकलेलं नावच सर्टिफिकेटवर छापलं जातं. पायरी १ पुन्हा वाचा. मी घाईत टाइप करताना आडनावातलं एक अक्षर दोनदा दाबलं होतं. ते सर्टिफिकेट अजून कपाटात आहे, कुणाला दाखवत नाही.

पैसे कापले गेले आणि फॉर्म 'पेंडिंग' दिसला तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. ट्रान्झॅक्शन नंबरचा स्क्रीनशॉट घ्या, एक दिवस थांबा, मग मदतीच्या ईमेलवर लिहा.

७. परीक्षेचा दिवस

परीक्षा बहुधा शनिवार-रविवारी. हॉल तिकीट छापून न्या, ओळखपत्र मूळ न्या. मोबाइलमधला आधारचा फोटो गेटवर चालत नाही, आणि तिथे वाद घालायला वेळ नसतो. केंद्र शहराच्या मध्यात येईल असं समजू नका. आमच्या पोरांना बायपासपलीकडची केंद्रं आलीत. आदल्या दिवशी एकदा जाऊन या, नाहीतर सकाळी साडेसातला निघा. पोहे खाऊन निघा, थांबून खाऊ म्हणाल तर छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत अर्धा तास सहज जातो.

परीक्षा संगणकावर असते. कॅल्क्युलेटर पडद्यावरच असतो, तो माउसने वापरायची सवय घरी करून ठेवा. हाताच्या कॅल्क्युलेटरची सवय असलेला माणूस तिथे फार सावकाश होतो.

तयारीचं एकच सांगते: सगळ्या असाइनमेंट कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवा. व्हिडिओ पुन्हा पाहत बसू नका. पाहताना सगळं समजल्यासारखं वाटतं, पेन उचललं की खरं कळतं.

८. निकाल, आणि तिसरी खिडकी

एनपीटेलमध्ये ४० ते ५९ ला नुसतं उत्तीर्ण, ६० पासून 'एलीट', ७५ पासून त्यासोबत 'सिल्व्हर', ९० पासून 'गोल्ड'. घरच्यांना गोल्ड हा शब्द फार आवडतो. क्रेडिटच्या हिशेबात मात्र कॉलेज काय धरतं ते पाहा, काही ठिकाणी गुण जसेच्या तसे घेतात, काही ठिकाणी ग्रेडमध्ये बदलून.

सर्टिफिकेट ऑनलाइनच मिळतं, त्यावर पडताळणीचा क्यूआर कोड असतो. ते कॉलेजात आपोआप पोचत नाही. छापील प्रत, परवानगीच्या अर्जाची आवक नंबरवाली प्रत आणि अपार आयडी, असा तीन कागदांचा संच करून परीक्षा विभागात द्या. तिथेही आवक नंबर घ्या. मग एबीसीच्या खात्यात क्रेडिट दिसतंय का ते स्वतः उघडून पाहा. तिथे जमा झालेलं क्रेडिट मार्कशीटवर आपोआप उमटत नाही, ते विद्यापीठाने उचलावं लागतं. सत्राचा निकाल लागण्याआधी हे सगळं झालेलं बरं. निकालानंतर दुरुस्ती म्हणजे विद्यापीठाच्या आवारात हेलपाटे.

९. शिकवणाऱ्यांसाठी

आता माझ्यासारख्यांसाठी. तुम्हीही आधी विद्यार्थी म्हणून एक कोर्स करा. फायद्याचंही आहे: आठ आठवड्यांचा एनपीटेल कोर्स एक आठवड्याचा आणि बारा आठवड्यांचा दीड आठवड्याचा एफडीपी (शिक्षकांचं प्रशिक्षण) म्हणून एआयसीटीईने मान्य केलेला आहे. पण खरं कारण वेगळं. बुधवारी रात्री स्वतः अडकल्याशिवाय पोरं का सोडून जातात ते कळत नाही.

स्वतःचे व्हिडिओ करायचे असतील तर आवाजापासून सुरुवात करा. २०२० च्या उन्हाळ्यात मी स्वयंपाकघराशेजारच्या खोलीतून पहिलं लेक्चर घेतलं. कॅमेरा, उजेड, मागची भिंत, सगळं दोनदा तपासलं होतं. दहाव्या मिनिटाला चॅटमध्ये एका पोराने लिहिलं, 'मॅम, आपसे ज़्यादा पंखा बोल रहा है.' चित्र धूसर असलं तरी पोरं ऐकतात, आवाज वाईट असला की दुसऱ्या मिनिटाला जातात. कॉलरला लावायचा वायरवाला साधा माइक पाच-सातशे रुपयांच्या आत मिळतो. रेकॉर्डिंगची वीस मिनिटं पंखा बंद, खिडकी बंद, आणि घरात कुकर लावू नका असं बजावून ठेवा.

गणित किंवा रसायनशास्त्र शिकवत असाल तर स्लाइडच्या फंदात पडू नका. दोन बाजूंना पुस्तकांच्या थप्प्या, वर आडवी पट्टी, पट्टीवर मोबाइल उताणा, खाली कोरा कागद आणि काळं पेन. हात लिहिताना दिसला की पोरांची पेनंही चालतात. तयार समीकरण पडद्यावर उमटलं की ती नुसती बघत बसतात. एक व्हिडिओ दहा-बारा मिनिटांचा, त्यात एकच मुद्दा. पन्नास मिनिटांचं लेक्चर जसंच्या तसं टाकलं तर पहिली आठ मिनिटंच पाहिली जातात, हा माझा अनुभव. व्हिडिओ यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवा, ज्याच्याकडे दुवा आहे त्यालाच दिसतो. त्यात 'काल सांगितलं तसं' किंवा 'येत्या सोमवारी टेस्ट' असं काही बोलू नका, नाहीतर पुढच्या वर्षी तो व्हिडिओ वापरता येत नाही. पोरांचे चेहरे किंवा आवाज येणार असतील तर आधी विचारा. दुसऱ्याच्या पुस्तकाची पानं स्कॅन करून टाकू नका.

स्वयंचे कोर्स चार भागांवर उभे असतात: व्हिडिओ, वाचन-साहित्य, स्वतःला तपासायच्या चाचण्या आणि शंकांची चर्चा. छोट्या वर्गालाही हा साचा पुरतो. आपण लोक पहिल्या भागावर सगळी ताकद खर्च करतो. मी उलट करते. आठवड्याला एक गूगल फॉर्म, पाच प्रश्न, ठरलेल्या दिवशी बंद. ज्या प्रश्नाला निम्म्याहून जास्त वर्ग चुकला, तेवढ्यावरच पुढचा ऑनलाइन तास. गूगल मीटच्या फुकट खात्यात तीन किंवा जास्त माणसं असली की साठ मिनिटांनी बैठक तुटते, त्यामुळे पंचावन्नाव्या मिनिटाला नवा मुद्दा काढू नका. शंकांचा तास कॅमेऱ्याचा हट्ट न धरता घ्या. आमच्याकडची निम्मी पोरं भंवरकुव्याच्या एका खोलीत तिघं-चौघं राहतात, त्यांनी कॅमेरा कुठल्या भिंतीकडे करायचा?

व्हॉट्सअॅप ग्रुप दोन करा. एकात फक्त तुम्ही लिहाल: तारखा, दुवे. दुसऱ्यात पोरांना काय हवं ते बोलू दे. एकच ग्रुप असला की परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख कुणाच्या तरी वाढदिवसाच्या सत्तर शुभेच्छांखाली गाडली जाते.

आणि तुम्हाला खरोखरच अख्खा कोर्स स्वयंवर न्यायचा असेल तर प्रस्ताव राष्ट्रीय समन्वयकामार्फत जातो. पदवी स्तरासाठी सीईसी, आणि सीईसीचं एक माध्यम केंद्र आपल्या इंदुरातच आहे, देवी अहिल्या विद्यापीठाचं ईएमआरसी. जाताना बारा आठवड्यांची मांडणी कागदावर तयार ठेवा आणि एका मुद्द्याचा स्वतः केलेला दहा मिनिटांचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर न्या. पंखा बंद करून केलेला.